अडीचशेवरचं पाणी

रेवणसिद्धला झटका आला तेव्हा त्याचं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली होतं. समोर लोहारा गावाकडून देवीच्या दर्शनाला आलेलं नवं जोडपं बसलं होतं. "आता हलू नका," असं त्यानं कापडाआडून सांगितलं, आणि मग त्याचा आवाज आलाच नाही. जोडपं हललं नाही. नवऱ्या मुलाच्या फेट्यातून घाम ओघळून कानात गेला, तरी त्यानं हात वर केला नाही. शेवटी कापडासकट कॅमेरा एका अंगाला कलायला लागला, तेव्हा नवरी किंचाळली.

शिवगंगा आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो धूत होती. ती ओल्या हातांनी धावत बाहेर आली, पडत असलेला कॅमेरा तिनं आधी सावरला आणि मग नवऱ्याला धरलं. तुळजापुरात ही गोष्ट पुढं बरेच दिवस सांगितली गेली. बाईनं आधी कॅमेरा धरला. शिवगंगेच्या कानावर ते आलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. खरंच तसं झालं होतं. कॅमेरा आधी हाताशी आला होता.

सोलापूरच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा रेवणसिद्धचा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि शब्द ओल्या पिठासारखे जिभेला चिकटून बाहेर येत. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, त्याची बाज टाकली. झटका आल्यापासून त्याला कशानंही रडू येई. शेजारच्या बब्रुवाननं पेरू आणून दिला तरी डोळे भरत. डॉक्टर म्हणाले होते, या दुखण्यात असं होतं, मनावर घेऊ नका.

शिवगंगा रडली नाही. दवाखान्यात नाही, गावात आल्यावर नाही, माहेरची माणसं गळ्यात पडून रडली तेव्हाही नाही. ती उठायची, त्याला धुवायची, कूस बदलायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची, मग पुढं येऊन स्टुडिओचं दार उघडायची. फिल्म धुणं, प्रिंट काढणं ही कामं लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून तीच करत होती. आता फोटोही ती काढायला लागली. सुरुवातीला गिऱ्हाईक दारात थबके, पण नवरीबरोबर आलेल्या बायका म्हणत, "बरं झालं बया, बाईमाणूस हाय," आणि आत येत. ती पदर सारखा करून द्यायची, हनुवटी वर करायची, खटका दाबायची. समोरचे लोक हसले तर तिला कळायचं की ते हसलेत, एवढंच. एकदा गरम तव्याला तिची बोटं लागली, तेव्हा आधी कातडी जळाल्याचा वास आला आणि मग तिनं हात काढला.

सासू कस्तुराबाई तिच्याकडं नुसती बघत राहायची.

श्रावण सरता सरता विष्णुपंत आले. सोलापूरच्या एका कापडवाल्याच्या पेढीवर ते मुनीम होते. पेढी दरसाल दिवाळीला कॅलेंडर काढायची आणि गिऱ्हाइकांना वाटायची. आदल्या साली रेवणसिद्धनं त्यांना शब्द दिला होता, की नळदुर्गच्या किल्ल्यातले दोन्ही धबधबे चालू झाले की असा फोटो देईन, की सोलापुरात कुणी काढला नसेल. बाजेवर पडलेल्या माणसाला पाहून विष्णुपंत वरमले.

"असू द्या रेवणसिद्ध. देवीचाच एखादा फोटो टाकतो या साली. बोरी नदीला पाणी मात्र लई चढलंय म्हणतात. नर आणि मादी दोन्ही धबधबे चालू आहेत."

रेवणसिद्धनं डावा हात उचलला. "ही जाईल," तो म्हणाला.

विष्णुपंतांना शब्द कळला नाही. त्यांनी शिवगंगेकडं पाहिलं.

"मी जाईन म्हणतात," ती म्हणाली.

"तुम्हाला जमेल का?"

"बघते."

ती नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. पण नाही म्हणायला जे लागतं, ते तिच्यापाशी त्या दिवसांत नव्हतं.

विष्णुपंत गेल्यावर रेवणसिद्धनं कपाटातला घडीचा कॅमेरा काढायला लावला. हा जर्मन कॅमेरा बाहेरच्या कामाचा. त्यात फिल्म भरायची ती, पण फोटो काढायचा तो. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तिनं त्या भिंगातून एकही फोटो काढला नव्हता. त्यानं डाव्या हाताच्या बोटानं भिंगाभोवतीची कडी दाखवली. कडीवर आकडे होते. एक, दोन, पाच, असे वाढत शेवटचा अडीचशे. एकावर ठेवलं तर शटर अख्खा सेकंदभर उघडं राहायचं. अडीचशेवर ठेवलं तर पापणी लवायच्या आत मिटायचं.

"अडीचशे," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाय. थेंब न थेंब दिसला पायजे. थेंब... हवेत... टांगलेला." एवढं बोलून तो दमला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि कडी अडीचशेवर फिरवून त्याला दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. एकटीनं जायचं नाही म्हणून कस्तुराबाई बरोबर आली. रेवणसिद्धजवळ बब्रुवान बसणार होता. कॅमेरा शिवगंगेच्या खांद्याला होता. कॅमेऱ्याची तिपाई म्हातारीनं कुणाला उचलू दिली नाही. कुदळ घेऊन वावरात निघाल्यासारखी तिपाई खांद्यावर टाकून ती गाडीत चढली आणि कंडक्टरनं टपावर टाका म्हटल्यावर म्हणाली, "तुला टाक टपावर. माज्या लेकाची हाय ती."

नळदुर्ग आलं. वेशीतून आत शिरून दोघी बऱ्याच चालल्या. पाणी दिसायच्या आधी आवाज आला, मग अंगावर बारीक तुषार यायला लागले. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरनं दोन ठिकाणी नदी खाली कोसळत होती आणि मधल्या भिंतीत बांधलेल्या पाणीमहालाच्या खिडक्या दिसत होत्या. पाच-सहा माणसं लांब उभी राहून ओरडून बोलत होती, पण ऐकू काही येत नव्हतं.

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. शिवगंगेनं तिपाई उघडली, पाय दगडांच्या फटीत घट्ट बसवले, कॅमेरा चढवला. ऊन चांगलं होतं. भिंगावर तुषार बसत होते ते ती सारखी पदराच्या कोरड्या टोकानं टिपत होती. अडीचशेवर तिनं एक काढला, जागा बदलून दुसरा, मग महालाच्या खिडक्या धरून तिसरा. सांगितलं होतं तसं केलं. दर वेळी शटरचा बारीक टक् असा आवाज व्हायचा, तोही पाण्याच्या आवाजात तिला बोटालाच कळायचा. काम झालं होतं. फिल्ममध्ये अजून जागा होती, पण आता निघालं तरी चाललं असतं.

इतक्यात ढग आले आणि ऊन गेलं.

"खाऊन घेऊ," कस्तुराबाई म्हणाली. दोघी दगडावर बसल्या. भाकरीला शेंगाची चटणी होती. तुषारांनी भाकरी ओलावली. म्हातारीनं घास चावत चावत अचानक विचारलं, "गंगे, तू रडत का न्हाईस?"

पाण्याच्या आवाजामुळं तिला ते मोठ्यानं विचारावं लागलं. तिपाईपलीकडचा एक माणूस वळून बघायला लागला.

"येत न्हाय, आत्याबाई."

"येत न्हाय म्हंजे?"

"आतून कायच येत न्हाय. तुम्ही म्हणाल मला त्यांचं काय वाटत न्हाय. तर तसंबी वाटत न्हाय, की मला काय वाटत न्हाय. समदं दिसतंय. हे पाणी दिसतंय, तुम्ही दिसताय. पर लांबनं."

कस्तुराबाईनं हातातली भाकरी मांडीवर ठेवली. ती रागवेल असं शिवगंगेला वाटलं, पण तिला त्याची भीती नव्हती.

"ह्याचा बाप गेला," म्हातारी म्हणाली, "तवा म्या दुसऱ्या दिशी वावरात गेले. तुरी काढायच्या व्हत्या. बाया म्हणल्या, दगडाची हाय. मला ऐकू येत व्हतं. पर म्या तुरी काढत व्हते. समदं वावर निघालं तरी माजा हात थांबंना. मोकळ्या वावरातच विळा मारत व्हते." ती थांबली. "मग कवातरी थांबला."

"कशानं?"

"आता आठवत न्हाय, बघ." तिनं पुन्हा भाकरी उचलली. "खा. भिजायली."

शिवगंगा खात होती आणि समोर बघत होती. सांगितल्याप्रमाणं तिनं थेंब पकडले होते, पण बघताना तिला थेंब कुठं दिसत नव्हते. नजर एकीकडं ठेवली की एक लांब, पांढरं, सारखं काहीतरी दिसत होतं. ते पडत होतं आणि जागच्या जागी उभंही होतं. अडीचशेनं जे धरलं असेल ते तिच्या डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

ती उठली. पिशवीतली लाल काच काढून तिनं भिंगावर बसवली, म्हणजे उजेड आणखी कमी आत जाईल. भिंगाचा डोळा होईल तितका बारीक केला. आणि कडी उलटी फिरवत फिरवत एकावर आणली. खटका थेट दाबला तर कॅमेरा हलेल म्हणून तारेचा खटका लावला, श्वास रोखला आणि दाबला.

"दाबलंस का न्हाय?" कस्तुराबाईनं विचारलं.

"दाबलंय. सेकंदभर उघडं व्हतं." ती म्हणाली. "आता मिटलं."

"एवढा येळ? ते बिघडलं की काय?"

"न्हाय."

तिनं आणखी एक काढला. मग कडी एकाच्याही पलीकडच्या खुणेवर नेऊन, खटका अंगठ्यानं दाबून धरून, मनातल्या मनात शिवनाम घेत, त्याहून लांब एक काढला. तेवढा वेळ ती पाण्याकडं बघत होती आणि पाणी कॅमेऱ्यात जात होतं. तेवढ्या वेळात कुणाला धुवायचं नव्हतं, कुणाला भरवायचं नव्हतं. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पण मिटलं तेव्हा तिला ते आणखी थोडं उघडं राहायला हवं होतं.

घरी आल्यावर तिनं फिल्म धुतली, वाळवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन मोठे प्रिंट काढून रेवणसिद्धसमोर धरले. आधी अडीचशेचा. पाण्याचा थेंब न थेंब वेगळा होता, फुटलेल्या आरशाच्या चुऱ्यासारखा, हवेत टांगलेला. खाली आपटून उडालेलं पाणी तर काचेची झुडपं उगवल्यासारखं दिसत होतं. त्यानं डाव्या हातात फोटो घेतला, खिडकीकडं वळवला आणि त्याच्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला.

"हां," तो म्हणाला. "हां. हे."

मग तिनं दुसरा दिला. त्यात दगड काळे, ओले, त्यांची प्रत्येक भेग स्पष्ट. महालाच्या खिडक्या जशाच्या तशा. आणि दोन्हीकडून पाण्याच्या जागी पांढरी, मऊ, विणल्यासारखी धार, तिला ना थेंब ना टोक.

"हाललंय," तो म्हणाला.

"हाललं न्हाय. दगड बघा. खिडक्या बघा."

त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. दगड बघितले. खिडक्या बघितल्या. कॅमेरा हलला नव्हता हे त्याला कळलं आणि तो जास्तच चिडला. "मग पाणी कुठंय? हे... पाणी न्हाय. कापूस हाय. किती ठेवलंतं?"

"एक."

"म्या अडीचशे सांगितलं."

"अडीचशेवरबी काढले की. ऊन गेल्यावर हे काढले."

"फेक ते."

तिनं फोटो त्याच्या हातातून काढून घेतला, पण फेकला नाही. "मी दोन्ही पाठवणार हाय," ती म्हणाली. हे आपण का म्हणालो ते तिला कळलं नाही. रेवणसिद्धनं तोंड भिंतीकडं फिरवलं. संध्याकाळपर्यंत ते तसंच होतं. दोन्ही फोटो तिनं पुठ्ठ्यात बांधून सोलापूरला पाठवले.

विष्णुपंत दसऱ्यानंतर स्वतः आले. कॅलेंडरचा गुंडाळा त्यांच्या काखेत होता. त्यांनी तो बाजेवर उलगडला. वर पेढीचं नाव, खाली तारखांचे चौकोन आणि मध्ये अडीचशेचं पाणी, थेंब न थेंब. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, छायाचित्र: रेवणसिद्ध, तुळजापूर.

रेवणसिद्ध रडायला लागला. या वेळी ते दुखण्याचं रडणं आहे की खरं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"शेठजी फार खूश," विष्णुपंत म्हणाले. "दुसराही दाखवला मी त्यांना. ते म्हणाले, हे काय धुकं आहे का दूध? लोकांना पाणी पाणी दिसायला पाहिजे. त्यांचंही बरोबर आहे. शेवटी भिंतीवर लावायची वस्तू." पिशवीतून त्यांनी तो परत केला. पुठ्ठ्याच्या दोरीचा डाग त्याच्यावर उमटला होता. विणल्यासारख्या धारेवर आडवा, तपकिरी.

शिवगंगेनं तो घेतला, चहा केला, विष्णुपंतांना वाटेला लावलं. मागं आली तेव्हा रेवणसिद्ध म्हणत होता, "तिथं लाव. समोर. मला दिसंल असं." तिनं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं.

"बघ," तो म्हणाला. "माझं ऐकलंस म्हणून."

तिच्या छातीत काहीतरी उकळून वर आलं. इतक्या जोरात, की ती खिळ्याला धरूनच उभी राहिली.

"तुमचं ऐकलं म्हणून तुमचं नाव आलं," ती म्हणाली. "तिपाई कुणी लावली? भिंग कुणी पुसलं? तुमची आई दगडावर बसली होती आणि मी पाण्यात उभी होते. तुम्ही हितं होता!"

"म्या शिकिवलं..."

"काय शिकिवलंत? इतक्या वर्षांत कधी हात लावू दिलात का त्याला? फिल्म भर, फिल्म काढ, धू, वाळव. आणि त्या मुनिमानं माझ्या फोटोला दोरी बांधली! सरळ दोरी बांधली फोटोवर!"

तिचा आवाज चढला होता. स्टुडिओतून रस्त्यावर जात असणार हे तिला कळत होतं. रेवणसिद्धनं आधी डोळे मोठे केले आणि मग तोही ओरडायला लागला. शब्द फुटत नव्हते, अर्धे कळत होते, अर्धे नाही. कापूस, दूध, अडाणी, माझा कॅमेरा. बाजेच्या कडेवर तो डावी मूठ आपटत होता. झटका आल्यापासून त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. ओरडलं कुणीच नव्हतं.

कस्तुराबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं दोघांकडं पाहिलं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसून लसूण सोलायला लागली. बब्रुवान विचारायला आला तर म्हणाली, "काय न्हाय. भांडायलेत."

आत बऱ्याच वेळानं दोघं थांबली. शिवगंगा खाली भिंतीला टेकून बसली होती. तिला धाप लागली होती. रडू आलं नव्हतं. पण राग होता, तो नुसता दिसत नव्हता, अंगात होता. फोटो नापास झाल्याचं वाईट वाटत होतं. किती महिन्यांनी तिला कशाचं तरी वाईट वाटत होतं, आणि ते असल्या एवढ्याशा गोष्टीचं वाटतंय याचीही तिला लाज वाटली.

"आण," रेवणसिद्ध म्हणाला.

"काय?"

"तो. दोरीवाला."

तिनं फोटो दिला. त्यानं तो पांघरुणावर ठेवला आणि पुष्कळ वेळ पाहिला. चांगला आहे असं तो म्हणाला नाही.

"मला ने एकदा," तो म्हणाला. "बघतो, कसं पडतंय ते."

"कसं नेऊ?"

"ते तू बघ."

पुढच्या साली पाऊस कमी झाला. बोरी वाहिली, पण बंधाऱ्यावरनं पाणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या साली दोन्ही धबधबे सुरू झाल्याचं कळलं, तोवर रेवणसिद्ध काठी धरून घरातल्या घरात चालायला लागला होता. बब्रुवान बरोबर आला. नळदुर्गच्या स्टँडवरनं त्यांनी बैलगाडी केली आणि किल्ल्यात गाडी जाईल तिथवर नेली. पुढं बब्रुवाननं त्याला पाठीवर घेतलं. एका दगडावर घोंगडी टाकून त्याला बसवलं, तेव्हा तो म्हणाला, "किती आवाज हाय गं."

शिवगंगेनं तिपाई लावली. त्या दिवशी ढग होते. तिनं लाल काच बसवली, कडी फिरवली. तो काय म्हणतो याची तिनं वाट पाहिली नाही. तो पाण्याकडं बघत होता. डोळे गळत होते आणि तुषारही होते. तिनं फिल्म संपेपर्यंत फोटो काढले. काही बरे आले, एक चांगला आला. तो स्टुडिओत टांगला, पण नवरा-नवरींनी त्याच्यासमोर बसून फोटो काढून घ्यायला कधी पसंती दिली नाही. त्यांना मागं रंगवलेला बगीचाच हवा असायचा.

परतीच्या एसटीत रेवणसिद्ध खिडकीपाशी बसला आणि नळदुर्ग मागं पडायच्या आतच तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. रस्ता खराब होता. त्याचं डोकं जड होतं आणि दर खड्ड्याला तिच्या खांद्याच्या हाडावर आपटत होतं. तुळजापूर अर्ध्यावर आलं तेव्हा तिनं त्याला हलवून जागं केलं.

"सरका जरा," ती म्हणाली. "खांदा दुखायलाय माझा."